मृताची साक्ष आणि जिवंताची सेवा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आजच्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. त्यांत वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविलेली मुलेमुली होती, ही आपणा सर्वांस अभिमान वाटावा अशी गोष्ट होय. परंतु सत्कारापूर्वी मंडपात ज्या गप्पा चालल्या होत्या, त्यांतून एक प्रश्न आमच्या कानी वारंवार पडला. मुले साडेचार वर्षे अभ्यास आणि वर्षभर आंतरवासिता करतात, म्हणजे एकूण साडेपाच वर्षे घालवितात. तेवढ्या काळात ती शिकतात तरी काय? एका मातोश्रींनी तर स्पष्टच विचारले, "गुरुजी, डॉक्टराने जिवंत माणसास बरे करावे. मेलेल्यास फाडण्याचे शिक्षण मुलीस कशाला?" चिटणिसांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली होती. तेव्हा या मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर हाच आजचा विषय असे आम्ही ठरविले.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेलो, जिल्हा परिषदेच्या शाळांतून हयात घालविलेले साधे शिक्षक आहोत. वैद्यकाशी आमचा संबंध कोणता, असे कोणी म्हणेल. संबंध एवढाच की आमच्या धाकट्या बंधूंची नात चंद्रपूरच्या महाविद्यालयात शिकते, सुटीत आमच्याकडे राहते, आणि तिची पुस्तके आमच्या ओसरीवर पडलेली असतात. पडलेले पुस्तक उघडून पाहणे ही शिक्षकाची जुनी खोड. जेथे उमगले नाही तेथे आम्ही तिला विचारले, आणि तिने न कंटाळता सांगितले. त्यातून जे हाती लागले तेच आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम आपल्या भूमीची स्थिती लक्षात घेऊ. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली निघाले आणि सेवाग्रामचे १९६९ साली. चांद्याच्या मुलास डॉक्टर व्हावयाचे तर जिल्ह्याबाहेरच जावे लागे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तरीही वैद्यकीय शिक्षण दूरच राहिले. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली सुरू झाले, आणि गडचिरोलीचे तर २०२४ साली. सिरोंचाहून गडचिरोलीच दोनशे किलोमीटर. अशा मुलखातील मूल आता घरानजीक डॉक्टर होऊ शकते. याचे मोल पैशाने मोजता येणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मृतदेह तपासण्याचे जे शास्त्र आहे, त्यास न्यायवैद्यक शास्त्र म्हणतात. या विषयावरील डॉ. जयसिंग प्रभुदास मोदी यांचा ग्रंथ १९२० साली प्रथम प्रसिद्ध झाला. शंभर वर्षे उलटली तरी वकील आणि डॉक्टर दोघेही त्याचे नाव आदराने घेतात. हे शास्त्र मेलेल्यासाठी आहे असे वाटते. वास्तविक ते मागे उरलेल्यांसाठी आहे. मेलेल्यास बोलता येत नाही. त्याच्या वतीने त्याचे शरीर जे सांगते, ते ऐकून न्यायासनापुढे खरेखरे मांडणे, एवढेच या शास्त्राचे काम.

ते कसे, हे एकदोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. मृत्यूनंतर शरीर प्रथम शिथिल पडते. मग पापण्या आणि जबडा यांपासून ताठरपणा सुरू होतो. सुमारे बारा तासांत तो सर्वांगी पसरतो, पुढे तितकाच काळ टिकतो, आणि तितक्याच काळात ओसरतो. परंतु हा केवळ ठोकताळा होय. आपल्याकडील वैशाखात, जेव्हा चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा ही सारी क्रिया झपाट्याने उरकते. नुसत्या पुस्तकावर विसंबणारा डॉक्टर येथे मृत्यूची वेळ चुकीची सांगेल. म्हणून विद्यार्थ्यास हवामान, अंगावरील वस्त्रे, देह उन्हात होता की पाण्यात, या सर्वांची नोंद घेण्यास शिकवितात.

दुसरे उदाहरण मुक्या माराचे. मार लागलेली जागा प्रथम लाल दिसते, मग निळी, तीनचार दिवसांनी काळपट-तपकिरी, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवट, आठवड्यानंतर पिवळट, आणि पंधरवड्यात त्वचा पूर्ववत होते. हे रंग ज्यास वाचता येतात, तो डॉक्टर सांगू शकतो की सासुरवाशिणीच्या पाठीवरील वळ एकाच दिवसाचे नाहीत. काही आजचे आहेत आणि काही मागील आठवड्याचे. "पाय घसरून पडली" असे घरचे म्हणत असले तरी शरीर निराळी साक्ष देते. लग्नास सात वर्षे पुरी होण्याच्या आत एखाद्या विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला तर कायद्याने शवविच्छेदनाची तरतूद केली आहे, ती एवढ्याचसाठी. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यांतही ही तरतूद कायम आहे.

या साक्षीत लबाडीही होते. बिब्बा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे तेल कातडीस लागले तर काळसर डाग आणि फोड उठतात. खोटी फिर्याद करण्यासाठी अंगास बिब्बा चोळून माराचे वळ दाखविण्याची युक्ती जुन्या काळापासून चालत आली आहे. विद्यार्थ्यास शिकवितात की खऱ्या वळास खाज सुटत नाही, त्याचे रंग पालटत जातात. बिब्ब्याच्या डागास खाज असते, फोड असतात, आणि खाजविल्यामुळे बोटांच्या टोकांसही तोच डाग सापडतो. पाहा, आमच्या आजीच्या बटव्यातील वस्तू न्यायालयाच्या पुस्तकात कशी जाऊन बसली आहे!

आता शवविच्छेदनास विरोध करण्याच्या आपल्या रीतीविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. "देहाची विटंबना नको" ही भावना आम्ही समजू शकतो. परंतु आपल्या भागात दरवर्षी मोहफुले वेचण्याच्या आणि तेंदूपत्ता तोडण्याच्या दिवसांत वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावतात. ताडोबाच्या भोवतालच्या गावांस हे सांगावयास नको. अशा वेळी वनखात्याची नुकसानभरपाई मिळावयाची तर पंचनामा आणि शवविच्छेदन यांवाचून गत्यंतर नाही. मानेमागील दातांच्या खुणा, त्यांच्यामधील अंतर, जखमेत रक्त उतरले आहे की नाही, यांवरून डॉक्टर ठरवितो की वाघाने जिवंत माणसावर झडप घातली, की दुसऱ्या कारणाने मेलेल्या देहास जनावराने नंतर तोंड लावले. शेतात सर्पदंशाने मरण आलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेतून दोन लाख रुपये साहाय्य मिळते; तेथेही कागद लागतो. घाईने चिता पेटविली की तो कागद कायमचा राखेत जातो. विधवेच्या आणि लेकरांच्या तोंडचा घास अशा रीतीने जाऊ देणे, यास देहाचा मान राखणे कोणी म्हणेल काय?

या शास्त्राचे दुसरे अंग विषशास्त्र. आपल्या जंगलाच्या मुलखास ते परके नाही. धोतरा, कण्हेर, गुंज, कुचला ही विषे पुस्तकात आहेत आणि त्यांतील काही आपल्या परसातही आहेत. विद्यार्थ्यापुढे दोन बिया ठेवतात आणि विचारतात, धोतऱ्याची कोणती आणि मिरचीची कोणती? धोतऱ्याची बी मोठी, मूत्रपिंडाच्या आकाराची, खडबडीत, तपकिरी. मिरचीची लहान, चपटी, गुळगुळीत, फिकट पिवळी. प्रवाशास धोतरा घातलेले खाणे देऊन लुटण्याचे प्रकार पूर्वी होत, म्हणून ही परीक्षा महत्त्वाची मानली गेली. गुंजेची गोष्ट तर अधिक विलक्षण आहे. गुंजेचे दाणे वाटून त्यांच्या सुया करून दुसऱ्याच्या गुरांस टोचीत; जनावर दोनचार दिवसांत मरे आणि लोक म्हणत, साप डसला. जी गुंज सोनार वजनास घेत असे, तीच विषही आहे.

विष ओळखले तर औषध सुचते, हा या विद्येतील मुख्य धडा. धोतरा खाल्लेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंग तापते, तो असंबद्ध बडबडतो. याउलट कपाशीवर फवारण्याचे कीटकनाशक ज्याच्या अंगात भिनले, त्याच्या तोंडास लाळेची धार लागते, घाम सुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास कोंडतो. दोन्ही लक्षणे एकमेकांच्या नेमकी उलट आहेत. म्हणूनच धोतऱ्याच्या वर्गातील वनस्पतींत सापडणारे अॅट्रोपिन हे द्रव्य कीटकनाशकाच्या विषबाधेवर शिरेतून देतात. विषस्य विषमौषधम् हे वचन आपण लहानपणी पाठ केले. त्याचा अर्थ आम्हांस उतारवयात नातीच्या पुस्तकातून कळला. अर्थात हे मोजून-मापून रुग्णालयात करावयाचे काम आहे. घरी धोतरा वाटण्याचे नव्हे, हे येथे बजावून सांगतो.

हे शिक्षण केवळ परीक्षेसाठी नाही, हे २०१७ साली शेजारच्या यवतमाळने दाखविले. त्या वर्षीच्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधा होऊन रुग्णालयात आले, आणि वीसहून अधिक जण मरण पावले. वरोरा, राजुरा, कोरपना या आपल्याच तालुक्यांतही कापूस पिकतो. फवारणाऱ्याने वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करू नये, तोंड व हात झाकावेत, आणि चक्कर आली की कपडे काढून अंग साबणपाण्याने धुऊन त्यास तडक दवाखान्यात न्यावे, एवढे ज्ञान प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी पोचविणे हे आपल्या डॉक्टर मुलांचे काम आहे.

सर्पविष हा तर आपल्या भागाचा रोजचा विषय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर एकच प्रतिविष चालते. घोड्यास थोडथोडे विष टोचून त्याच्या रक्तात जी प्रतिकारशक्ती निर्माण होते, तिच्यापासून हे औषध करतात. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेने ते दीर्घकाळ तयार केले आहे. विद्यार्थ्यास शिकवितात की लहान मुलास आणि मोठ्या माणसास प्रतिविषाची मात्रा सारखीच द्यावी. कारण साप विष सोडताना समोरच्याचे वय पाहत नाही. घोणस चावली की रक्त गोठण्याचे थांबते. त्याची परीक्षा अगदी साधी आहे: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवावे, नंतर नळी कलती केली असता रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष भिनले असे समजावे. यास ना वीज लागते, ना यंत्र. भामरागडच्या आडगावातील आरोग्य केंद्रातही ती होऊ शकते.

मण्यारीची तऱ्हा याहून कपटी. ती रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्यास चावते. दंशाची जागा फारशी दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा दिसतही नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून उठते, त्याच्या पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते, आणि घरचे म्हणतात, बाहेरचे काही लागले असेल. मांत्रिकाकडे दोन तास जातात. आणि त्या दोन तासांतच श्वासाचे स्नायू निकामी होतात. आम्ही ज्या शाळांतून काम केले, तेथे रात्रीत दगावलेल्या मुलांच्या अशा हकीकती आम्ही पालकांच्या तोंडून एकाहून अधिक वेळा ऐकल्या आहेत. साप कोणी पाहिला नव्हता, म्हणून सापाचे नावही कोणी घेतले नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यास नेमके हेच शिकवितात की पावसाळ्यात, पहाटे, जमिनीवर निजलेल्या मुलाच्या पापण्या मिटत असतील तर साप दिसला नाही तरी साप समजून चालावे. या एका वाक्याने किती घरांचे दिवे राहतील!

भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे मरतात, असा २००० ते २०१९ या वीस वर्षांसाठी अभ्यासकांनी केलेला अंदाज आहे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशास दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले, आणि २०२४ साली केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कार्यक्रम जाहीर केला. आपल्या महाराष्ट्राचा या क्षेत्रात मोठा वाटा आहे. कोकणात महाडसारख्या लहान गावी राहून डॉ. हिंमतराव बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशावर जे संशोधन केले, ते जगातील नामांकित नियतकालिकांनी छापले. खेड्यातील डॉक्टरही शास्त्रात भर घालू शकतो, याचा हा पुरावा आहे.

विषाने मृत्यू झाल्याचा संशय आला तर जठर, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड, प्लीहा आणि रक्त राखून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे धाडतात. हे अवयव बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. रक्ताची सोय निराळी करतात. मद्याच्या विषाचा संशय असेल तर स्पिरिट कदापि वापरावयाचे नाही, कारण मग मद्य पोटातील कोणते आणि बाटलीतील कोणते, हे कळणार कसे? बाटलीवर चिठ्ठी, लाखेची मोहोर, पाठविणाऱ्याची सही, या साऱ्या गोष्टी वरवर कारकुनी वाटतात. परंतु मोहोर फुटली की खटला फुटला. विद्येइतकेच नीटनेटकेपणास येथे महत्त्व आहे, आणि हे ऐकून आमच्यासारख्या शिक्षकास मनस्वी आनंद झाला.

बंधूभगिनींनो, आता आम्ही ज्या गोष्टीकडे वळत आहो, ती बोलावयास अवघड आहे. सभेत माताभगिनी आहेत, म्हणून ती टाळावी असे एकदा मनात आले. पण माताभगिनी आहेत म्हणूनच ती सांगितली पाहिजे, असे आम्ही ठरविले.

२६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्याच्या आवारात, एका अनाथ, मोलमजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला तिच्या नावाने प्रसिद्ध आहे; आम्ही ते नाव येथे उच्चारणार नाही. डॉक्टरांनी तिला तपासले आणि लिहिले की अंगावर जखमा नाहीत. त्याबरोबर तिच्या पूर्वीच्या शरीरसंबंधाविषयीही लिहिले. या कागदाचा खटल्यात फार मोठा परिणाम झाला. सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींस सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांस दोषी ठरविले. भयाने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींस पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, असे अनुमान तेथे काढण्यात आले.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली, आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अत्याचारात स्त्री नाही म्हणत असेल तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हापासूनची. आपल्या जंगलातील एका निराधार मुलीच्या दुःखाने साऱ्या देशाचा कायदा हलविला, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

तथापि कायदा बदलला तरी डॉक्टरांची पुस्तके लवकर बदलली नाहीत. पीडितेच्या पूर्वचारित्र्याविषयी मत देणारी ती अपमानकारक तपासणी पुढेही कित्येक वर्षे शिकविली जात होती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरविली; २०१४ साली केंद्रीय आरोग्य खात्याने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली; आणि ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती करणारा गैरवर्तनाचा दोषी होईल असे बजावून वैद्यकीय अभ्यासक्रमही तपासण्यास सांगितले. या कामी आपल्या विदर्भातील सेवाग्रामचे न्यायवैद्यक शास्त्राचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अनेक वर्षे चिकाटीने पाठपुरावा केला, हे नमूद करावयास हवे. २०२४ च्या ऑगस्टअखेर प्रसिद्ध झालेल्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्याच्या खुणांसारखे जुने विषय पुन्हा डोकावले. टीका होताच आठवड्याच्या आत तो मागे घ्यावा लागला. यावरून दिसून येईल की पाठ्यपुस्तकातील एक परिच्छेद ही साधी गोष्ट नव्हे. त्या परिच्छेदावर एखाद्या मुलीचा न्याय अवलंबून असतो.

आज विद्यार्थ्यास काय शिकवितात? अंगावर जखम नाही याचा अर्थ संमती होता असा होत नाही. पीडितेची संमती घेतल्यावाचून तिला हात लावू नये. प्रथम उपचार, मग कागद. आणि उपचार विनामूल्य. तिच्या पूर्वायुष्याविषयी एक शब्दही लिहू नये. जे पाहिले तेच लिहावे. न्याय करणे हे न्यायाधीशाचे काम. ज्या मातोश्रींनी विचारले की मुलीने हे शिक्षण कशास घ्यावे, त्यांस आमचे नम्र उत्तर असे: मुलीने हे शिकले पाहिजे, याचसाठी. त्या रात्रीनंतर ज्या टेबलावर ती मुलगी निजली, त्या टेबलाशेजारी आपली शिकलेली लेक उभी असती, तर तिने लिहिलेला कागद कदाचित निराळा असता.

याखेरीज विद्यार्थ्यास रुग्णाच्या खाटेशेजारी उभे करून ज्या शाखा शिकवितात, त्यांचा थोडक्यात निर्देश करतो. औषधवैद्यक, शस्त्रक्रिया, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग, नेत्ररोग, कान-नाक-घसा, अस्थिरोग, त्वचारोग, मनोविकार अशा त्या अनेक आहेत. प्रत्येक ठिकाणी क्रम मात्र एकच: आधी विचारणे, मग पाहणे, मग हाताने चाचपणे, बोटाने ठोकून पाहणे, आणि शेवटी नळी लावून ऐकणे. यंत्रे त्यानंतर. यातील पहिली पायरी, विचारणे, ही भाषेची आहे. झाडीपट्टीची बोली, गोंडी किंवा माडिया ज्यास समजते, त्यास रोगी जे सांगतो ते परगावच्या हुशार डॉक्टरास सांगणार नाही. आपल्या मुलांजवळ हे धन जन्मतः आहे. शहरी होण्याच्या नादात त्यांनी ते टाकू नये.

या मुलखात विद्येचा उपयोग कसा होतो, याची उदाहरणे बाहेर शोधावयास नकोत. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे झाडाखाली रुग्ण तपासण्यापासून आरंभ केला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' संस्था स्थापिली. गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांस नवजात बालकाचा श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुदोष ओळखणे शिकवून त्यांनी अर्भकांच्या पहिल्या महिन्यातील मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आणले; हा वृत्तान्त १९९९ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गडचिरोलीच्या खेड्यांत सिद्ध झालेली ही पद्धत पुढे देशाच्या आरोग्य कार्यक्रमात आली.

एक गोष्ट मात्र आपल्या मंडळाच्या कक्षेतील आहे. विदर्भातील अनेक समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आनुवंशिक आहे. पतिपत्नी दोघेही वाहक असली तर प्रत्येक खेपेस बालक रोगी जन्मण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक स्वतः धडधाकट दिसतो. त्यामुळे तपासणीवाचून कळत नाही. रोटीबेटी व्यवहार ज्या समाजात आपसांत होतो, तेथे ही तपासणी अधिकच अगत्याची आहे. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे. आपण वधूवर परिचय मेळाव्यात कुंडली मागतो, नाडी पाहतो; रक्ताचा कागद मात्र मागत नाही. मंडळाने पुढील मेळाव्यापासून तपासणीची सोय करावी आणि निकाल गुप्त राखावा, अशी आमची जाहीर विनंती आहे. वाहक असणे हा कलंक नव्हे. ती केवळ माहिती आहे. वाहकाने वाहक नसलेल्याशी विवाह केला तर त्यांचे बालक रोगी होत नाही, हेही सर्वांस समजावून सांगावे.

वेळ पुष्कळ झाला, तेव्हा आता आवरते घेतो. आपल्या सर्वांस आमच्या चार विनंत्या आहेत. संशयास्पद मृत्यूत शवविच्छेदनास आड येऊ नका. साप चावला तर चिरा देणे, रक्त चोखणे, आवळून बांधणे हे सोडा. दंश झालेला अवयव काठी बांधून स्थिर ठेवा आणि रुग्णास धीर देऊन सरळ दवाखाना गाठा. विवाहापूर्वी रक्ताची तपासणी करा. आणि आपल्या मुलामुलींनी न्यायवैद्यक शास्त्रात पुढील शिक्षण घेण्याचे ठरविले, तर "मुडद्यांचा डॉक्टर" म्हणून त्यांस हिणवू नका. हा डॉक्टर रोग्याकडून फी घेत नाही, त्यास कोणी पेढे देत नाही, त्याच्या दारी गाड्यांची रांग लागत नाही. तथापि ज्याचा आवाज कायमचा बंद झाला, त्याच्या वतीने शेवटचे खरे बोलणारा तोच एक असतो.

आज सत्कार झालेल्या विद्यार्थ्यांनो, मंडळाने तुम्हांस शाल दिली, श्रीफळ दिले. मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीत प्रत्येक कुटुंबाने यथाशक्ति भर घालावी, असे आम्ही वडीलधाऱ्यांस सांगू. तुम्ही मात्र आम्हांस एवढेच द्या, की शिक्षण पुरे झाल्यावर एटापल्ली, अहेरी, सिंदेवाही किंवा जिवती येथे बदली झाली असता ती रद्द करविण्यासाठी धावाधाव करू नका. तेथे पहाटे पापण्या मिटू लागलेले एखादे मूल तुमची वाट पाहत असेल.